रिंगणात या!

मुलांनो, एक प्रश्न विचारते. खरं खरं उत्तर द्यायचं हं! तुम्ही शेवटचं कधी नाचलात?

"परवाच, मामाच्या वरातीत," असं कुणी म्हणेल. "आमच्या गॅदरिंगमध्ये," असं आणखी कुणी म्हणेल. छान! पण मग माझा दुसरा प्रश्न तयार आहे. तेव्हा तुमची आजी नाचली होती का? शेजारच्या काकू? आणि 'याला नाच येतच नाही' असं ज्याला सगळे म्हणतात, तो तुमच्या वर्गातला मुलगा?

आता उत्तराला जरा वेळ लागला ना? गॅदरिंगमध्ये आठ-दहा जण स्टेजवर नाचतात आणि बाकीचा गाव समोर बसून बघतो. आई-बाबा मोबाइल उंच धरून शूटिंग करतात. त्यातही मजा असते, मी नाही म्हणत नाही. असे नाच मीही दरवर्षी बसवते. पण आज तुम्हाला एका निराळ्या नाचाबद्दल सांगायचंय. त्याला स्टेज लागत नाही, भाड्याचे कपडे लागत नाहीत. बघणारे कोण आणि नाचणारे कोण, तेही नीट सांगता येत नाही. कारण आत्ता जो बघतोय तो पुढच्या मिनिटाला आत असतो.

आधी माझी ओळख करून देते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. झाले आणि नोकरीच्या निमित्तानं परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा गावी येऊन राहिले. पूर्णा हे रेल्वेचं जंक्शन आहे. इथून एक रूळ परभणीकडे जातो, एक नांदेडकडे आणि एक हिंगोलीवरून अकोल्याकडे. गावाला जिचं नाव आहे ती पूर्णा नदी आमच्याच तालुक्यात गोदावरीला मिळते. माझी शाळा इथून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि गावाच्या मधोमध लिंबाच्या झाडाभोवती बांधलेला पार. तुमच्याही गावात असेल बघा असा पार!

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी श्रावण आला. श्रावणातल्या पाचव्या दिवशी नागपंचमी. आमच्या मराठवाड्यात नुसतं 'पंचमी' म्हटलं तरी पुरतं. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. झाडाला दोर बांधून झोके टांगलेले असतात आणि बायका उभ्यानं झोके घेतात, अगदी फांदीला पाय लागेपर्यंत! संध्याकाळी सगळ्या जणी नागोबाच्या वारुळाला जाऊन येतात आणि मग पाराजवळच्या मोकळ्या जागेत फेर धरतात.

मी शाळेतून निघाले होते. गाणं ऐकलं आणि पाराजवळ थांबले. वीस-पंचवीस बायका गोल उभ्या होत्या. अर्ध्या जणी एक ओळ म्हणायच्या, उरलेल्या अर्ध्या तीच ओळ झेलून पुढे न्यायच्या. दोन पावलं पुढे, वाकून टाळी, दोन पावलं मागे, पुन्हा टाळी आणि गोल थोडा थोडा डावीकडे सरकायचा. वाद्य एकही नव्हतं. टाळी आणि बांगड्या, बस्स! पण ठेका असा पक्का, की माझी मान आपोआप हलायला लागली.

इतक्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी मला हेरलं. नाचता नाचताच त्या ओरडल्या, "मॅडम, काय बघायलाव तिथं उभं राहून? टीवी हाय का ह्यो? या की आत!"

"आजी, मला गाणं येत नाही," मी म्हटलं.

"गाणं आमी म्हन्ताव. तुमी टाळी वाजवा!"

त्यांनी शेजारणीचा हात सोडून जागा केली आणि मला ओढलं. मुलांनो, पहिली पाच मिनिटं माझी टाळी सगळ्यांच्या नंतर पडत होती. कुणी हसलं नाही. खरं तर हसायला कुणाला वेळच नव्हता! दहा मिनिटांनी पाय आपोआप पडायला लागले. मग गाण्याचा शेवटचा शब्द कुठला येणार ते कळायला लागलं आणि अर्ध्या तासानं मी सगळ्यांच्या बरोबरीनं गात होते. माझ्या एका बाजूला शाळेतली चौथीतली मुलगी होती आणि दुसऱ्या बाजूला तिची पणजी. चार पिढ्या एका गोलात!

मग फुगड्या सुरू झाल्या. फुगडी तुम्ही खेळलाच असाल. नसाल तर सांगते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. हातांची कात्री करून एकमेकींचे हात घट्ट धरायचे. पायांचे चवडे जवळ आणायचे, अंग मागे झोकून द्यायचं आणि छोट्या छोट्या पावलांनी गरागरा फिरायचं. फुगडीत एक गंमत आहे. तुम्ही मागे जितकं झुकाल तितका वेग वाढतो. पण झुकायचं तर समोरचीनं हात सोडता कामा नये. एकीनं हात ढिला केला की दोघी पडतात. म्हणून फुगडी भांडण झालेल्या मैत्रिणीबरोबर खेळावी, असं मी माझ्या वर्गात सांगते. हात घट्ट धरल्याशिवाय चालतच नाही!

त्या रात्री पूर्णेला घरी पोचले तेव्हा पोटऱ्या दुखत होत्या आणि घसा बसला होता. पण मी खूप खूश होते. गावात येऊन मला दोनच महिने झाले होते. त्या दिवसापर्यंत मी 'नवीन मॅडम' होते. दुसऱ्या दिवसापासून वाटेत भेटणारी प्रत्येक बाई थांबून बोलायला लागली.

आता तुम्हाला जरा लांब घेऊन जाते. थेट इंग्लंडला!

झालं असं, की मागच्या वर्षी वर्गात 'जगातले नाच' असा उपक्रम घेतला होता. मोबाइलवर मी मुलांना इंग्लंडमधल्या एका खेड्यातला नाच दाखवला. त्याचं नाव मॉरिस. सहा जण तीन-तीनच्या दोन ओळींत समोरासमोर उभे. अंगात पांढरे कपडे, गुडघ्याखाली पट्ट्यांना शिवलेले छोटे छोटे घुंगरू. हातात कधी पांढरे रुमाल, तर कधी लाकडाचे दांडके. ठेक्यावर उड्या मारत ते दांडक्यावर दांडकं आपटायला लागले आणि माझा अख्खा वर्ग ओरडला, "मॅडम, ह्या तर आपल्या टिपऱ्या!"

खरंच की! टिपऱ्या आपल्या, घुंगरू आपले, समोरासमोरच्या ओळीही आपल्या. हा नाच चालला होता एका पबच्या अंगणात. पब म्हटलं की आपल्याला मोठ्या शहरातली, कानठळ्या बसवणाऱ्या संगीताची जागा आठवते. तिथल्या खेड्यातला पब निराळा असतो. एक जुनं, बैठं घर समजा. संध्याकाळी गावकरी तिथं जमतात, जेवतात, गप्पा मारतात, पावसापाण्याच्या नि पिकांच्या गोष्टी करतात. मोठी माणसं बिअर पितात हे खरं. ते काही आपल्याला घ्यायचं नाही! आपण घ्यायचं ते अंगण. तिथं नाचणाऱ्यांची टोळी येते, वाजवणारा वाजवतो आणि शेवटी बघणाऱ्यांनाही हाताला धरून आत घेतात. माझ्या वर्गातला एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हंजी त्यांचा पार!" याहून चांगला अर्थ कुठल्या शब्दकोशात मिळणार?

या मॉरिस नाचाची गोष्ट मोठी छान आहे. ऐका.

२६ डिसेंबर १८९९. ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टन क्वारी नावाचं खेडं. तिथले नाचणारे खरं म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या सणाला नाचायचे. पण त्या वर्षी थंडी कडक पडली. बांधकामं बंद झाली. या टोळीतल्या लोकांना काम मिळेना. चार पैसे मिळतील म्हणून ते भर हिवाळ्यात घरोघर नाचायला निघाले. त्यांच्यात विल्यम किंबर नावाचा सत्तावीस वर्षांचा जवान होता. तो विटांचं बांधकाम करायचा आणि कॉन्सर्टिना वाजवायचा. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरून दाबायची छोटीशी पेटीच म्हणा ना!

ज्या एका घरासमोर ते नाचले, तिथं सेसिल शार्प नावाचे संगीत शिक्षक पाहुणे म्हणून आले होते. ती चाल त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी किंबरला बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून चाली ऐकून लिहून काढल्या. तेव्हा इंग्लंडमध्ये असे नाच विझत चालले होते. जुनी माणसं थकली होती, तरुण मुलं कामासाठी शहरांत गेली होती. पुढे शार्पनी गावोगाव फिरून शेकडो गाणी आणि नाच टिपून ठेवले. १९३० साली लंडनमध्ये त्यांच्या नावानं लोकनृत्यांसाठी एक घरही उभं राहिलं.

पण मला याहून जास्त आवडतो तो पुढचा भाग. लंडनमध्ये मेरी नील नावाच्या बाई शिवणकाम करून पोट भरणाऱ्या गरीब मुलींसाठी एक क्लब चालवत. दिवसभर सुई-दोरा करून या मुलींच्या पाठी मोडून यायच्या. १९०५ साली मेरी नील यांनी शार्पना विचारलं, माझ्या मुलींना हे नाच शिकवता येतील का? आणि मग थेट हेडिंग्टनहून किंबर आणि त्याचा चुलतभाऊ लंडनला आले. बांधकाम करणाऱ्या गड्यांनी शिवणकाम करणाऱ्या मुलींना नाच शिकवला. गावातला गड्यांचा नाच शहरातल्या मुलींच्या पायांत गेला. लवकरच या मुलीच देशभर फिरून दुसऱ्यांना शिकवू लागल्या!

पुढे शार्प आणि मेरी नील यांचं जमलं नाही. शार्प म्हणायचे, पावलं अगदी अचूक पडली पाहिजेत. मेरी नील म्हणायच्या, आनंद आणि जोम महत्त्वाचा. तुम्हाला कुणाचं पटतं? मी लेझीम शिकवते तेव्हा सोमवारी शार्प असते आणि शनिवारी मेरी नील!

इंग्लंडच्या शाळांतला आणखी एक खेळ सांगते. मे महिन्यात मैदानात एक उंच खांब उभा करतात. त्याच्या टोकाला रंगीत फिती बांधतात. प्रत्येक मूल एकेक फीत हातात धरतं. अर्धी मुलं उजवीकडून, अर्धी डावीकडून, एकमेकांच्या वरून-खालून नाचत जातात आणि खांबावर फितींची सुंदर वेणी तयार होते. उलटं नाचलं की वेणी सुटते. ओळखीचं वाटतंय ना? आपला गोफच की हा! आपण वर दोऱ्या किंवा पट्टे बांधतो, तिथं फिती.

आता यातली गंमत बघा. मे महिन्यात खांब उभा करायची पद्धत तिथं शेकडो वर्षं जुनी आहे. पण शाळाशाळांत पोचलेला हा फितींचा खेळ पसरला तो एकोणिसाव्या शतकात. १८८१ साली लंडनच्या व्हाइटलँड्स या शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात जॉन रस्किन या लेखकाच्या सूचनेवरून मे महिन्याचा उत्सव सुरू झाला. पुढे अशा कॉलेजांतून बाहेर पडलेल्या तरुण शिक्षिकांनी हा खेळ आपापल्या शाळेत नेला. म्हणजे तिथल्या डी.एड. झालेल्या बायकाच म्हणायच्या! हे वाचलं तेव्हा माझी कॉलर अशी ताठ झाली म्हणून सांगू!

म्हणजे जुनी परंपरा, जुनी परंपरा असं जे आपण म्हणतो, तिच्यात कुणी तरी कधी तरी नवीन माणसाला आत घेतलेलं असतं. हेडिंग्टनच्या गड्यांनी लंडनच्या मुलींना घेतलं. पंचमीच्या फेरात आजींनी मला घेतलं. आपण पाहुणे म्हणून आत शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा घरचे झालेलो असतो.

पण मुलांनो, रिंगण नेहमीच असं उघडं नसतं. ते मला माझ्याच शाळेत कळलं. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

आमच्या शाळेत वीस लेझमी आहेत. लेझीम माहीत आहे ना? लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या. हात जवळ-लांब केला की छन् छन् आवाज येतो. पूर्वी तालमीत ती व्यायाम म्हणून खेळत. पाच मिनिटं खेळून बघा, खांदे नि मांड्या बोलायला लागतात! १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम साऱ्या जगानं बघितली. आम्ही २६ जानेवारीला लेझीम बसवायचं ठरवलं. मुली दहा, मुलगे दहा. पण ठेक्याला हलगी हवी. रेकॉर्डवर लेझीम जमत नाही. मुलं दमली तर रेकॉर्ड थांबत नाही. हलगीवाला मुलांकडे बघून वाजवतो.

गावात हलगी उत्तम वाजवणारे एक आजोबा होते. त्यांचा नातू माझ्याच वर्गात. मी वर्गात म्हटलं, "अरे, तुझे आजोबा वाजवतात ना? त्यांना विचारू या का?"

मुलगा उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "माझा आज्जा न्हाई वाजवीत." आणि खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते.

सुट्टीत मी त्याला काही विचारलं नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजोबांनी खाट टाकून बसायला दिलं. हलगी भिंतीला टांगलेली होती.

तुमच्यापैकी काहींना हे माहीत असेल, काहींना नसेल, म्हणून सांगते. आपल्या गावांत हलगी कुणीही वाजवत नसे. ठरावीक जातीच्या घरांवर ते काम लादलेलं होतं. लग्न असो, मिरवणूक असो, देवाची यात्रा असो, बोलावलं की जायचं आणि वाजवायचं. त्यांच्या ठेक्यावर गाव नाचायचा आणि ते स्वतः कडेला उभे. रिंगणात यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. जातीनं लादलेली गावकीची अशी कामं सोडून द्या, मानानं जगा, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितलं. कितीतरी घरांनी ही कामं कायमची सोडली. मुलांना शाळेत घातलं. त्यांनी केलं ते योग्यच केलं. ज्या वाद्यानं आपल्याला कडेला उभं केलं, ते हातात धरावंसं का वाटेल? माझ्या विद्यार्थ्याचे कान लाल का झाले, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मी आजोबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, वाजवायला काय न्हाई. हात अजून चालतेत. पर उभ्या जल्मात म्या कडंला उभं राहून वाजवलं. नाचणारे मधी, म्या कडंला. साळंत तसं व्हायचं न्हाई. म्या मधी उभा राहीन."

"मधेच उभे राहा, आजोबा," मी म्हटलं.

"आन् आजून एक. हलगी शिकवीन तर समद्यांच्या लेकरांला. माझ्याच नातवाच्या गळ्यात घालायची न्हाई."

मुलांनो, इतकी चांगली अट मी दुसरी ऐकलेली नाही! दुसऱ्या दिवशी मी शाळेत विचारलं, हलगी कुणाला शिकायची? सात हात वर झाले. त्यातली दोन मुलींचे होते. आजोबा शाळेत आले. त्यांनी आधी मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा छोटा जाळ केला आणि हलगी शेकली. शेकली की चामडं ताणतं आणि आवाज खणखणीत होतो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. जाड टिपरू बोलतं, बारीक काडी त्याला उत्तर देते. मुलं डोळे मोठे करून बघत होती. विज्ञानाच्या पुस्तकातला 'कंपन' हा धडा त्या दिवशी मला वेगळा शिकवावा लागला नाही.

सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही हं. चार दिवसांनी एक पालक शाळेत आले. "मॅडम, आमच्या पोराच्या हातात हलगी कशाला देता? लेझीम खेळू द्या, तेवढं पुरे," असं म्हणाले. मी त्यांना आजोबांची अट सांगितली. गुणवत्तेला जात नसते, हेही सांगितलं. ते ऐकून घेऊन गेले. पण त्यांच्या मुलानं हलगी सोडली ती सोडलीच. आणखी एका आजींची तक्रार निराळी होती. लेझीम गड्यांची, पोरींनी कशाला खेळायची? त्यांच्या नातीनंच उत्तर दिलं, "आज्जे, फेरात तू आठ तास नाचतीस, तवा?" आजी हसल्या आणि गप्प झाल्या.

अशी कुरकुर आपल्याच गावात होते असं समजू नका. मघाशी सांगितलेल्या मॉरिस नाचात १९०५ साली मुली आल्या खऱ्या. पण १९३४ साली तिकडे एक मोठी संघटना स्थापन झाली, ती फक्त पुरुषांच्या गटांची. तिचं नाव 'मॉरिस रिंग'. रिंग म्हणजे रिंगणच! स्त्रिया असलेल्या गटांना त्या रिंगणात जागा मिळायला २०१८ साल उजाडलं. आणि आपल्याकडे? आमच्याच परभणी जिल्ह्यात गंगाखेड आहे, संत जनाबाईंचं गाव. दर आषाढीला शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरला जाते. टाळ-मृदंगावर वारकरी पावली खेळतात, म्हातारे म्हातारे गडी लहान मुलांबरोबर फुगडी घालतात. फुगडी झाली की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्याही! वाटेवर असं मोकळं रिंगण; पण पंढरपूरच्या देवळाचं दार मात्र सगळ्यांना उघडं नव्हतं. ते दलितांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा १९४७ साली ते उघडलं. रिंगण उघडायला कुणाला तरी पाय रोवून उभं राहावं लागतं, ते असं.

आमची २६ जानेवारी कशी झाली, ते विचारताय? झेंडावंदन झालं. मैदानात चुन्यानं मोठा गोल आखला होता. गोलाच्या अगदी मधोमध आजोबा उभे राहिले. डोक्याला फेटा, गळ्यात हलगी. त्यांच्याभोवती हलगी शिकलेली सहा मुलं. आणि त्यांच्याभोवती लेझमीची वीस मुलं. पहिला ठेका पडला आणि पारावर बसलेली माणसंही उठून मैदानाच्या कुंपणाशी आली. तिसऱ्या चालीला दोन मुलं चुकली, एकाची लेझीम हातातून सुटली. आजोबांनी ते बघून ठेका जरा सावकाश केला, मुलं सावरली आणि मग त्यांनी तो असा वाढवला की सगळं मैदान छन् छन् करायला लागलं! शेवटी गावातली जुनी खेळणारी माणसं मुलांच्या हातातल्या लेझमी मागून घेऊन आत शिरली. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना!

नातू मात्र त्या दिवशी लेझीमच खेळला. हलगीला त्यानं हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. ते त्याचं त्यानं ठरवायचं. पुढे फेब्रुवारीत एकदा मी वर्गात कवितेला चाल लावताना टेबलावर बोटांनी ठेका धरला होता. तो मागून म्हणाला, "मॅडम, असा न्हाई. आज्जाचा ठेका असा हाय." आणि त्यानं बाकावर वाजवून दाखवला. सगळ्या वर्गानं ऐकला. मी तोच ठेका घेतला आणि कविता पुढे सुरू केली.

आता तुमची पाळी! एवढं वाचलंत, तर तीन कामं देते. गृहपाठ नाही हं, मजा म्हणून करायची.

पहिलं काम. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, "तुम्ही लहानपणी काय नाचायचात?" पंचमीचा फेर असेल, टिपऱ्या असतील, गोफ असेल, होळीला तांड्यावरची लेंगी असेल, वारीतली पावली असेल. नुसतं ऐकू नका. पाऊल कसं टाकायचं ते उठून करून दाखवायला सांगा. गुडघे दुखत असतील तर बसल्या बसल्या टाळी तरी शिकून घ्या.

दुसरं काम. ते वहीत लिहून ठेवा. कुठल्या पायानं सुरुवात, कितव्या पावलाला टाळी, कुणी कुठं उभं राहायचं, आणि कुणी शिकवलं त्याचं नाव. शार्पनी किंबरकडून हेच केलं होतं, म्हणून ते उरलं. शिकवणाऱ्याचं नाव लिहायला विसरू नका.

तिसरं काम जरा अवघड आहे. पुढच्या वेळी फेर धराल, लेझीम खेळाल, तेव्हा एकदा कडेला बघा. तिथं कोण उभं आहे? वर्गात नवीन आलेली मुलगी असेल, ऊसतोडीला जाऊन परत आलेला मुलगा असेल, पाय अधू असलेलं कुणी असेल, किंवा तुमच्यासाठी वाजवणारं कुणी असेल. शेजाऱ्याचा हात सोडा, जागा करा आणि हाक मारा. पाच मिनिटं ठेका चुकेल. चुकू द्या!

आणि आई-बाबांनो, तुम्हीही वाचताय ना? मोबाइल खिशात ठेवा आणि एकदा आत या. मुलांना तुम्ही चुकलेलं बघायला फार आवडतं.

तुमच्या गावचा नाच कुठला, तो कुणाकडून शिकलात, ते या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पत्रानं जरूर कळवा. मी वर्गात वाचून दाखवीन. आणि हो, फुगडी घालण्याआधी चपला काढून ठेवा बरं का. निसटतात!